मिश्रकांची एक शंका

ते कुणालाही गोळी देण्याआधी त्याचं नाव विचारत. नुसतं नाव नाही, बापाचंही नाव. समोरचा माणूस सलग आठ महिने रोज दोनदा त्यांच्या खिडकीशी येत असला तरी विचारत. मग गोळी देत, पाणी देत, ‘जीभ वर, डावा गाल, उजवा गाल’ असं करून तोंड तपासत आणि शेवटी त्याला त्याचं गाव सांगायला लावत. गोळी तोंडात कुठेतरी दडवून ठेवलेल्या माणसाला गावाचं नाव धड उच्चारता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. एखाद्याचं गाव नुसतं ‘पुणे’ असलं तर त्यांचं समाधान होत नसे. त्याला ते पेठ, गल्ली आणि समोर कुणाचं दुकान आहे तेही सांगायला लावत.

घरी सख्ख्या बहिणीला रक्तदाबाची गोळी देतानासुद्धा ते हेच विचारतात असं तुरुंगातले लोक हसून सांगायचे. मला ती कुणीतरी पिकवलेली कंडी वाटायची. एकदा काही कामानं आकुर्डी गावठाणातल्या त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“नाव?” त्यांनी विचारलं.

अक्कांनी नाव सांगितलं.

“बापाचं नाव?”

“मेल्या, तुझा बाप तोच माझा बाप. आण ती गोळी इकडे.”

त्यांनी दिली. अक्कांनी ती गिळली, पदरानं तोंड पुसलं आणि चुलीकडे वळल्या.

“गाव राहिलं,” ते म्हणाले.

अक्का त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. आईबाप गेल्यावर या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. त्याचं लग्न मात्र जमवता आलं नाही, कारण मुलगी बघायला गेले की तो तिच्या वडिलांना घरात कुणाला कसली औषधं चालू आहेत ते विचारत बसे. अक्का त्याच्यावर दिवसभर करवादायच्या. पण गोळी त्याच्याच हातची घ्यायच्या. तो चार दिवस परगावी गेला तर चार दिवस गोळी घ्यायच्या नाहीत. जगात आपल्याला एवढा मान कुणी देत नाही हे भावालाही ठाऊक असावं, कारण ती एक गोळी तो डबीतून फार हळू काढे.

हे गृहस्थ आमच्या तुरुंगाच्या दवाखान्यात मिश्रक होते. बाहेरचे लोक कंपाउंडर म्हणत, सरकारी कागदावर ‘मिश्रक’ लिहिलेलं असे आणि कैदी त्यांना ‘पुडीवाले साहेब’ म्हणत. मी तिथला वैद्यकीय अधिकारी, वय सव्वीस, पहिलीच नोकरी, प्रोबेशनवर. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. तुरुंग लहान होता, भोसरीच्या पुढे चाकणच्या रस्त्याला. आज त्या जागेवर गोदामं आहेत. तेव्हा भिंतीच्या एका बाजूला ज्वारी आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसीनं रोवलेले हद्दीचे दगड होते. त्या दगडांमधून मिश्रक रोज आकुर्डीहून सायकल मारत यायचे. सायकलला डबा आणि पाण्याची बाटली लटकवलेली. तुरुंगाच्या विहिरीचं पाणी ते पीत नसत. “माझी तिच्याशी ओळख नाही,” म्हणायचे.

आधी ते पिंपरीकडे एका औषधाच्या कारखान्यात बाटल्या उजेडात धरून तपासायच्या कामावर होते. ती सवय पुढेही गेली नाही. चहाचा ग्लास आला की आधी खिडकीकडे धरून बघायचे. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझं नेमणुकीचं पत्रसुद्धा उजेडात धरून बघितलं होतं.

चिक्कू म्हणून त्यांचा लौकिक तर चाकणपर्यंत होता. वरून येणारी परिपत्रकं फायलीला लावून झाली की जादा प्रतींचे ते कात्रीनं चौकोन करत आणि त्यात औषधांच्या पुड्या बांधत. शिस्त, स्वच्छता, वेळेवर हजेरी असल्या विषयांवरचं सगळं सरकारी वाङ्मय कैद्यांपर्यंत पोचत असे ते असं, पोटाच्या चूर्णाबरोबर. एक शिकलेला कैदी तर तीन दिवसांच्या पुड्या जुळवून अख्खं परिपत्रक वाचायचा आणि पुढचा भाग मिळावा म्हणून पोट अजून दुखतंय असं सांगायचा. दवाखान्यातला औषधाचा खर्च आमच्या मिश्रकांमुळे एवढा कमी झाला होता की वरून त्यांना प्रशंसेचं पत्र आलं. जाड, पिवळसर, सुंदर कागद. त्याच्या सोळा पुड्या झाल्या.

या चिक्कूपणाचा जाच मलाही झाला. मी औषध लिहून पाठवलं की तासाभरात दवाखान्यात मदतीला असलेला इस्माईल चिठ्ठी घेऊन यायचा. इस्माईल भोसरीचा मोटर मेकॅनिक, कसल्याशा मारामारीत सापडून शिक्षा भोगत होता. हाताचा स्वच्छ, म्हणून त्याला दवाखान्यात घेतलेलं. “डॉक्टरसाब, पुडीवाले साहेबांनी चिठ्ठी दिली. बोले, जवाब लेके आना.” परिपत्रकाच्या चौकोनाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, ‘डॉक्टरसाहेब, एक शंका.’ पुढे ती शंका.

शंका म्हणजे काय, तर: ‘बॅरक तीनमधल्या म्हाताऱ्याला ही गोळी दिली की रात्री चारदा लघवीला उठावं लागेल. रात्री बॅरकला कुलूप असतं आणि मडकं दुसऱ्या टोकाला आहे. मधे तीस माणसं झोपतात. सकाळी दिली तर?’ किंवा: ‘क्षयाच्या गोळ्या चालू असलेला अमुक माणूस वजनानं वाढत नाही, पण त्याच्या शेजाऱ्याकडे विड्या वाढल्या आहेत. गोळी कुटून पाण्यात दिली तर?’ ‘एका माणसाला आपण, आपल्या आधीच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी मिळून सात औषधं लावली आहेत. यातली कोणती कोणाची, आणि कोणती अजून लागते?’

या सगळ्या शंका बरोबर असायच्या. राग त्याचाच यायचा. मी नुकताच परीक्षेत वरचा नंबर काढून आलेला, आणि हा सायकलवरचा माणूस मला लघवीची वेळ शिकवत होता. मी उत्तर लिहून चिठ्ठी परत पाठवायचो. ती चिठ्ठी पुढे कुठे दिसायची नाही. दुरुस्ती मात्र माझ्याच अक्षरात माझ्याच नावावर जमा व्हायची, आणि वर्षाच्या अहवालात तिचं नाव असायचं ‘बचत’.

एकदा मी चिडून विचारलं, “अहो, यात बचत कुठे आली? सरळ लिहा ना, की औषध चुकीचं होतं म्हणून थांबवलं.”

“लिहिलं होतं की,” ते म्हणाले. “तुमच्या आधी जे डॉक्टर होते त्यांच्या वेळी. डोस दुप्पट पडला होता, मी शंका घेतली आणि रजिस्टरला तसंच लिहिलं. त्यांनी वर कळवलं की मिश्रक उर्मट आहे. मला ताकीद मिळाली. पुढच्या वेळी तसलंच औषध थांबवलं आणि लिहिलं, बचत. तर शाबासकी! तेव्हापासून मी बचतच करतो.”

हे सांगताना ते हसलेसुद्धा नाहीत. हातातली बाटली उजेडात धरून बघत होते.

त्यांच्या बचतीचा फटका एकदा आमच्या अधीक्षकांनाही बसला. अधीक्षक म्हणजे तुरुंगाचे सर्वेसर्वा. त्यांच्या बंगल्यावर दर महिन्याला दवाखान्यातून लाल टॉनिकच्या दोन बाटल्या जायच्या, सासूबाईंसाठी. ही फार जुनी रीत होती. मिश्रकांनी बाटल्या थांबवल्या आणि चिठ्ठी पाठवली: ‘एक शंका. पेशंटचं नाव, बापाचं नाव आणि कोणत्या गुन्ह्याखाली दाखल?’ अधीक्षकांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर फाडली. वरवर हसले. पण मनात धरून ठेवणारा माणूस होता तो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायची टाळायलाच इतका वेळ पुड्या आणि टॉनिकं मोजत बसलो असं कुणी म्हणालं तर मी नाकारणार नाही.

तुरुंगात कैद्याला नावापेक्षा नंबर मोठा. ज्याचा खटला चालू आहे तो कच्चा कैदी, शिक्षा लागली की पक्का. कच्च्याचा पक्का झाला की त्याचा नंबर बदलायचा, आणि त्याचा मोकळा झालेला नंबर एखाद्या नव्या कच्च्याला मिळायचा. कचेरीत हा बदल त्याच दिवशी व्हायचा. दवाखान्यात मात्र औषधाची कार्डं नंबरावर लावलेली असायची आणि बदललेल्या नंबरांची यादी आमच्याकडे शनिवारी यायची. म्हणजे सोमवारी कोर्टातून पक्का होऊन आलेला माणूस शनिवारपर्यंत आमच्या हिशेबी भलताच कुणीतरी असायचा.

ज्ञानोबा नावाचा एक टर्नर होता, लातूरकडचा. कारखान्यात संपाच्या गडबडीत सुपरवायझरला मारलं म्हणून आत आलेला. सोमवारी त्याला शिक्षा लागली, नंबर बदलला. मंगळवारी सकाळी फेरीवर गेलो तर हा तापानं फणफणलेला, छाती भरलेली. कार्ड मागितलं, नव्या नंबराचं कोरं कार्ड हातात आलं. मी त्यावर पेनिसिलीनचं इंजेक्शन लिहिलं.

ज्ञानोबा धापा टाकत म्हणाला, “सायेब, ती पांढरी सुई नगा देऊ. मागं लय तरास झालता.”

बरोबरचा शिपाई भोसरीचाच गडी होता. तो म्हणाला, “गप ऱ्हा! डॉक्टर सायबाला शिकवतो व्हय?”

मी हसलो. “सुईला कोण घाबरत नाही रे?” म्हणालो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

दुपारी अधीक्षकांच्या खोलीत चहा चालू होता. कुणी पाहुणेही होते. इस्माईल दारात आला, हातात औषधांचं रजिस्टर आणि वर चिठ्ठी. ‘डॉक्टरसाहेब, एक शंका. हा माणूस कोण?’

अधीक्षकांनी मान वाकवून ती वाचली. “काय हो,” पाहुण्यांकडे बघत म्हणाले, “तुमचा मिश्रक तुम्हाला परीक्षेला बसवतो वाटतं?”

पाहुणे हसले. माझे कान तापले. मी रजिस्टर उघडलं, त्या इंजेक्शनच्या ओळीपुढे ‘द्यावे’ असं ठळक लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली आणि लफ्फेदार सही ठोकली. इस्माईल गेला. मी चहा संपवला. दुसरा कपही घेतला.

अर्ध्या तासानं दवाखान्यात आलो तेव्हा मिश्रक माझ्या टेबलापाशी उभे होते. टेबलावर दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवलेली. एक ज्ञानोबाच्या नव्या नंबराचं, माझ्या सकाळच्या अक्षरातलं. दुसरं त्याच्या जुन्या नंबराचं. तो नंबर आता कुण्या सायकलचोराला मिळाला होता. त्या कार्डावर तीन महिन्यांपूर्वी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘पेनिसिलीन चालत नाही. बाहेरच्या दवाखान्यात दिले असता अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, जेमतेम वाचला.’ तेही अक्षर माझंच होतं.

“दिलंत?” मी विचारलं.

“नाही. बॅरकमध्ये जाऊन नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. गाव सांगितलं तेव्हा वाटलं, हे गाव मी या आवाजात खिडकीशी ऐकलंय, पण नंबर दुसरा होता. मग जुनी कार्डं काढली.” त्यांनी दोन्ही कार्डं सरळ केली. “अक्षर चांगलं आहे तुमचं. वाचता येतं.”

मी खाली बसलो. थोडा सावरल्यावर सल्फाच्या गोळ्या लिहिल्या. त्यांनी त्या स्वतः नेऊन दिल्या आणि परत आले. आता प्रश्न रजिस्टरचा होता. पानांना छापील आकडे, खाडाखोड चालत नाही. एका ओळीत इंजेक्शन, पुढे ‘द्यावे’, दोन रेघा, सही. शेरा लिहायचा रकाना रिकामा. तिथे खरं लिहायचं म्हटलं तर असं लिहावं लागलं असतं की, स्वतःच नोंदवलेली सूचना डॉक्टर विसरले, रोग्यानं सांगितलं ते ऐकलं नाही आणि मिश्रकानं विचारलं तरी पुन्हा तेच लिहिलं.

“तुमचा प्रोबेशनचा कागद कधी जातोय?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या महिन्यात.”

त्यांनी कानावरचं पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं: ‘स्वस्त पर्यायी औषध उपलब्ध असल्याने इंजेक्शन दिले नाही. बचत.’ आणि खाली स्वतःची सही.

“पण हे खरं नाही,” मी म्हणालो.

“खात्याला चूक दाखवली की एक माणूस द्यावा लागतो, डॉक्टरसाहेब. बचत दाखवली की कुणी काही मागत नाही.”

मी आणखी एकदा नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते त्यांनाही दिसलं असणार. ज्ञानोबा बारा दिवसांत उठून बसला. मिश्रकांनी वर लिहून पाठवलं की औषधाची कार्डं नंबराऐवजी नाव आणि बापाच्या नावानं लावली तर कार्डांच्या छपाईत बचत होईल. तीन वर्षं अडकलेला हा बदल आठवड्यात मंजूर होऊन आला.

दोन महिन्यांनी तुरुंगाला भेट द्यायला एक समिती आली. त्यात एक निवृत्त हेडमास्तर होते, सज्जन माणूस, कागद मन लावून वाचणारा. त्यांनी औषधांचं रजिस्टर चाळलं आणि त्या पानावर बोट ठेवून थांबले. “छाती भरलेल्या माणसाला डॉक्टरांनी दोनदा सांगून इंजेक्शन दिलं नाही? पैसे वाचवायला?” त्यांचा आवाज संतापानं कापत होता. त्यांचा संताप अगदी रास्त होता. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही आवाज कापला असता.

दर मार्चला हेच बचतीचे आकडे मोठ्या दिमाखात वर पाठवणारे आमचे अधीक्षक म्हणाले, “मला याची काहीच कल्पना नव्हती, साहेब.” लाल टॉनिकच्या बाटल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या असतील.

चौकशी झाली. आधी मला बोलावलं.

“इंजेक्शन तुम्ही लिहिलं होतं?”

“होय.”

“मिश्रकांनी हरकत घेतल्यावर पुन्हा ‘द्यावे’ असं लिहिलंत?”

“होय.”

“ते दिलं गेलं?”

“नाही.”

तिन्ही उत्तरं खरी होती. ‘का नाही?’ असं मला कुणी विचारलं नाही. माझा प्रोबेशनचा कागद अजून वरच्या कचेरीत सहीसाठी पडून होता. मी उठलो, नमस्कार केला आणि बाहेर आलो.

मग ज्ञानोबाला आणलं. माझ्यानंतर दार लोटलेलं राहिलं होतं, त्यामुळे मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. इंजेक्शन मिळालं का, म्हणून विचारल्यावर तो खुशीत म्हणाला, “न्हाई दिलं, सायेब! पुडीवाल्या सायबानं न्हाई दिलं, म्हनून तर मी...”

“बस,” अधीक्षक म्हणाले. “तेवढंच पाहिजे होतं.”

शेवटी मिश्रकांना विचारलं, का दिलं नाही? ते म्हणाले, “बचत, साहेब.” बचतीबद्दल सरकारनं काढलेलं परिपत्रक दाखवा म्हटल्यावर म्हणाले, “ते कैद्यांनी पोटात घेतलं.” हेडमास्तरांना ही थट्टा वाटली आणि ते आणखीच चिडले. पण मिश्रक अगदी खरं तेच सांगत होते.

त्यांची पगारवाढ रोखली आणि बदली थेट विदर्भात, चांद्याला झाली. काटकसर करा म्हणून वर्षाला दहा कागद पाठवणाऱ्या आमच्या खात्यानं काटकसरीबद्दल शिक्षा केलेला हा बहुधा एकमेव माणूस. अक्कांना तिकडची हवा झेपणार नव्हती आणि त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं. मिश्रकांनी राजीनामा दिला. पेन्शनला चार वर्षं कमी पडली. चिंचवड स्टेशनजवळ एका औषधाच्या दुकानात ते मोजणीला लागले, पण तिथेही गिऱ्हाईकाला बापाचं नाव विचारायचे, म्हणून मालकानं त्यांना मागच्या खोलीत बसवलं.

मी प्रोबेशन पास झालो. दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि चिंचवडला दवाखाना टाकला. कारखान्यातल्या लोकांची वर्दळ होती, दवाखाना बरा चालला. त्या औषधाच्या दुकानावरून माझा रस्ता जायचा. मी दुसऱ्या रस्त्यानं जायचो.

इस्माईल सुटल्यावर त्यानं आकुर्डीच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. माझी स्कूटर त्याच्याकडेच असायची. एकदा प्लग साफ करता करता तो म्हणाला, “डॉक्टरसाब, एक बात बोलू? अक्का आता त्यांच्या हाताची गोळी नहीं लेती.”

“का?”

“तो शिपाई होता ना अपना, भोसरीवाला, त्याची बहन अक्काच्याच गल्लीत दिली आहे. तिनं सगळं सांगितलं. अक्का बोलली, आजारी माणसाचं औषध पैशासाठी अडवलं, त्या हाताचं मला नको. खुद डबी घेते, खुद खाते. कधी विसरते पण.”

“आणि ते? ते काही सांगत नाहीत अक्कांना?”

इस्माईलनं प्लगवर फुंकर मारली. “क्या बोलेंगे? बोलायचं तर तुमचं नाव घ्यावं लागेल.”

साऱ्या जगाला नावं विचारत फिरलेल्या माणसानं एक नाव मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. मी स्कूटर घेऊन घरी आलो. जायला हवं, सांगायला हवं, असं त्या दिवशी फार वाटलं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी वाटलं. अशी सहा वर्षं गेली.

मग एका संध्याकाळी इस्माईलच दवाखान्याच्या पायऱ्या चढून आला. “पुडीवाले साहेब बीमार हैं. छाती भर गई. दवाखान्यात भरती व्हायला नाही म्हणतात. बोले, डॉक्टरला बोलाव.”

“कोणत्या डॉक्टरला?”

“नाव नाही घेतलं. बोले, ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याला.”

खोली तीच होती. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते, फार वाळलेले. अक्का भिंतीशी बसल्या होत्या, ऐंशीच्या घरात आलेल्या, पण पाठ ताठ. मी तपासलं. हातावर थेंबभर टोचून टेस्ट घेतली, वाट पाहिली, मग इंजेक्शन भरलं. पेनिसिलीनच होतं. त्यांनी हात वर केला. आधी माझ्या हातातून सिरिंज घेऊन ती दिव्याच्या उजेडात धरून बघितली, आणि परत दिली.

“डॉक्टरसाहेब, एक शंका.”

“बोला.”

“हा माणूस कोण?”

मी त्यांचं नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. एवढ्यानं भागलं असतं. त्यांनी बाही वर करायला घेतलीही होती. त्यांना बहुधा नेहमीचीच खातरजमा करायची होती, दुसरं काही नाही. पण मी सिरिंज बशीत ठेवली आणि अक्कांकडे वळलो. एका दमात सगळं सांगितलं. लाल पेन्सिलीनं लिहिलेलं कार्ड, ज्ञानोबा काय म्हणाला ते, मी हसलो ते, चहाचा दुसरा कप, शेऱ्याचा रकाना आणि चौकशीतली माझी तीन खरी उत्तरं.

“डॉक्टरसाहेब, कशाला आता,” मिश्रक मधेच पुटपुटले. कुणी लक्ष दिलं नाही.

अक्का माझ्याकडे वळल्या. “म्हणजे यानं त्या माणसाचं औषध अडवलं नव्हतं?”

“नाही. त्याचा जीव वाचवला. आणि माझी नोकरी.”

“आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. इतकी वर्षं.”

“होय,” मी म्हणालो.

मी इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरला. अक्का हळूहळू उठल्या, फळीवरची आपली गोळ्यांची डबी काढली आणि खाटेपाशी येऊन भावाच्या हातात ठेवली. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तळहात पुढे केला.

मिश्रकांच्यानं झाकण लवकर निघेना. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. एक गोळी काढली. दिव्याकडे धरून बघितली.

“नाव?” त्यांनी विचारलं.

अक्कांनी सांगितलं.

“बापाचं नाव?”

अक्कांनी तेही सांगितलं, न करवादता. गोळी घेतली, पाणी प्यायल्या, जीभ वर केली, डावा गाल दाखवला, उजवा गाल दाखवला. मिश्रकांना पुढचं विचारायला जमेना.

“किकली,” अक्का म्हणाल्या. “तालुका वाई, जिल्हा सातारा.”